वळणाच्या आधीच ठरतं: घाटातली बाईक, एबीएसचा नवा मसुदा आणि आपली पोरं

२०२५ साली बकरी ईद ७ जूनला झाली. पाऊस मात्र तिच्या आधीच येऊन बसला होता. २६ मे रोजीच मान्सून मुंबईत दाखल झाला. त्यामुळे बासी ईदला, म्हणजे ८ जूनच्या रविवारी, घाट हिरवे झाले होते आणि पहिल्या दिवसाच्या कुर्बानीच्या धावपळीतून मोकळी झालेली आमच्या भागातली पोरं बाईक काढून महाबळेश्वरच्या दिशेने निघाली होती. त्यांत आमचा एक जुना विद्यार्थी होता. तीन वर्षांपूर्वी आमच्याच वर्गातून दहावी पास झालेला, वय एकोणीस, वडील सौदीत ड्रायव्हर. संध्याकाळी आंबेनळी घाट उतरताना एका डाव्या वळणावर त्याची गाडी वळलीच नाही. सरळ समोरच्या बाजूला गेली. खालून टेम्पो येत होता.

सोमवारी जोहरनंतर जनाजा झाला. वडिलांनी मुलाचा चेहरा शेवटचा पाहिला तो व्हिडिओ कॉलवर. कब्रस्तानातून परतताना जो तो एकच म्हणत होता, "वक्त आला होता." आम्हीही मान हलवली. दुसरं काय बोलणार? घरच्यांची इच्छा आहे म्हणून मुलाचं नाव आणि गाव इथे देत नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या टेम्पोवाल्याने पोराला स्वतःच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं आणि रात्रभर तिथेच बसून राहिला. बातमीखाली नावं वाचून काही लोकांनी फोनवर जे काही लिहिलं, ते त्याने वाचलं नसावं अशी आमची दुआ आहे.

आम्ही शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. आठवड्याभराने त्या मुलाच्या चुलतभावाला भेटायला गेलो. तो मागे बसला होता. त्याचं खांद्याचं हाड मोडलंय, बाकी ठीक आहे. तो म्हणाला, "सर, आम्ही जोरात नव्हतो. चाळीस-पंचेचाळीस असेल. पाऊस पण थांबला होता." मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "टेम्पो दिसला, आणि तो टेम्पोकडेच बघत राहिला."

हा लेख त्या दोन वाक्यांवर आहे. तकदीरवर आमचा ईमान आहे, त्यात वाद नाही. पण उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आपल्याकडे मदरशातल्या लहान पोरांनाही माहीत असते. घाटातल्या वळणावर उंट बांधायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र त्या पोराला कोणीच शिकवलं नव्हतं. आम्हीही नाही.

सरकार काय म्हणतंय

जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा काढला. त्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं करायचं आणि गाडीसोबत दोन हेल्मेट द्यायची, असा प्रस्ताव होता. तोवर एबीएसची सक्ती १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांनाच होती, तीही एप्रिल २०१९ पासून. त्याखालच्या गाड्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा ब्रेक लागतो ती सोय. आपल्या मोहल्ल्यात उभ्या असलेल्या बहुतेक गाड्या या खालच्या वर्गातल्या आहेत, १००, ११०, १२५ सीसीच्या. म्हणजे हा मसुदा थेट आपल्या दारातल्या गाडीविषयी बोलतो.

प्रस्ताव चांगला आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसल्यामुळे गेलेले ५०,०२९. हे सरकारचेच आकडे आहेत. गाडी महागली म्हणून कोणी ओरडत असेल तर त्याने हे आकडे वाचावेत.

पण चहाच्या टपरीवर आम्ही पोरांची चर्चा ऐकली तेव्हा काळजी वाटली. "आता एबीएस येणार, मग घाटात टेन्शन नाही." इथेच मोठी गफलत आहे. एबीएस काय करतं? जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ देत नाही. सेकंदाला अनेक वेळा ब्रेक सोडतं आणि पुन्हा पकडतं. ओल्या सरळ रस्त्यावर समोर कुत्रं आलं, म्हैस आली, तर एबीएस जीव वाचवतं. वळणावर झुकलेल्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. तिथे टायरची पकड आधीच खर्च झालेली असते, आणि एबीएस पकड वाढवत नाही. गाडी किती झुकली आहे हे ओळखून ब्रेक सांभाळणारं एबीएसही निघालं आहे, पण ते महागड्या गाड्यांत. स्वस्त गाड्यांत बहुधा पुढच्या चाकापुरतंच एबीएस असतं. मागचं चाक पूर्वीसारखंच जाम होऊन घसरू शकतं.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीला एबीएस होतं. दीडशे सीसीची गाडी होती, वडिलांनी पाठवलेल्या पैशांतून घेतलेली. हेल्मेटही होतं. पट्टा लावलेला नव्हता.

फळ्यावरचं गणित

पकड म्हणजे पगार समजा. एकाच पगारात वळणंही भागवायचं आणि ब्रेकही. पगार १०० रुपये असेल आणि वळण्यातच ८० गेले, तर ब्रेकला किती उरले? पोरं म्हणतात २०. नाही, ६० उरतात; कारण हे दोन जोर काटकोनात काम करतात, म्हणून इथे वजाबाकी नाही, पायथागोरस लागतो. दहावीतला तोच त्रिकोण. ऐकायला बरं वाटतं. पण पुढे बघा. वळण्यात ९५ गेले तर ब्रेकला उरतात फक्त ३१. आणि १०० गेले की शून्य. त्या क्षणी ब्रेकला नुसता हात लागला तरी गाडी खाली. म्हणजे ५ रुपयांच्या चुकीत ३१ रुपये जातात. वळणावर माणूस "अचानक" पडतो तो यामुळे. गाडी शेवटपर्यंत ठीक वाटते आणि मग एकदम नसते.

आम्ही नंतर त्या जागी गेलो, दोर घेऊन. वळणाची त्रिज्या साधारण २० मीटर भरली. आता हिशेब करा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले ९.८, एवढी पकड लागते. ताशी ३० कि.मी. वेगाला सुमारे ०.३५ लागते. ४० ला ०.६३. ४५ ला ०.८. कोरड्या डांबरावर साधारण ०.७ धरा, ओल्यावर ०.४, आणि खडी किंवा चिखल असेल तर ०.२ पण महाग. म्हणजे त्या वळणाची हद्द कोरड्यात ताशी ४२ च्या आसपास, ओल्यात ३२, खडीवर २२. "फक्त चाळीस-पंचेचाळीस" हा वेग मुंबई-गोवा हायवेवर काहीच नाही. त्या वळणावर, दुपारी सर येऊन गेल्यावर, तो शक्यच नव्हता.

अजून एक गोष्ट. हेअरपिन वळणासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या डोंगरी रस्त्यांच्या मानकांत किमान वेग धरला आहे ताशी २० कि.मी. वीस! रस्ता बांधणारा इंजिनिअर कागदावर विसाचा हिशेब करतो, आणि आपण त्यावर चाळीसने उतरून वर म्हणतो, जोरात नव्हतो. आम्हालाही हे पन्नाशीकडे झुकल्यावर कळलं. वीस वर्षं गाडी चालवतोय.

आपल्या पोलादपूर-महाड पट्ट्याला तर तीन बाजूंनी घाट आहेत. पोलादपूरहून आंबेनळीने वर महाबळेश्वर, कशेडीतून पलीकडे खेड, आणि महाडहून वरंध्याने भोर. कशेडीला बोगदा झाला, त्याबद्दल अल्लाहचे शुक्र आणि बांधणाऱ्यांचेही आभार. वरंधा पावसाळ्यात प्रशासन अनेकदा बंदच ठेवतं. आंबेनळीला पर्याय नाही. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली आणि एकच माणूस वाचला, ते कोकणात कोणी विसरलेलं नाही. बाईकवरून एकेक करून जाणारी पोरं मात्र पेपरात दोन ओळींत संपतात.

वळणाच्या अलीकडे

तर शिकायचं काय? सगळ्यात मोठी गोष्ट ही की वळणावर करायचं काम फार थोडं असतं. बरंचसं वळणाच्या अलीकडे, गाडी सरळ उभी असताना उरकायचं. वेग तिथे कमी करा. दोन्ही ब्रेक वापरा, पुढचा हळूहळू दाबत न्या, एकदम खेचू नका. आपल्याकडे निम्मी पोरं पुढच्या ब्रेकला हात लावत नाहीत, कारण लहानपणी सायकलवर कोणीतरी सांगितलेलं असतं की पुढचा मारला तर तोंडावर पडशील. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं खरं काम पुढचंच चाक करतं. त्याला नाकारलं की उरतो मागचा ब्रेक, तो जाम होतो आणि गाडीची शेपटी फिरते.

गिअरही आधीच उतरवा. एसटीचे जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ते बाईकलाही लागू आहे. इंजिनच गाडी धरून ठेवतं. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अनेक शूरवीर आमच्या ओळखीत आहेत. लाज वाटते, पण आम्हीही त्यांतलेच होतो. एकदा घरच्यांना आणि मांडीवरच्या लेकीला मागे बसवून आम्ही अख्खा उतार न्यूट्रलमध्ये काढला होता, आणि खाली पोहोचल्यावर मागच्या ड्रमला जळका वास येत होता. सतत मागचा ब्रेक दाबून उतरलं की ड्रम तापतो, आणि तापला की ब्रेक लागतच नाही. स्कूटरवाल्यांनी तर जास्त जपावं, तिला गिअर नाहीत, इंजिनचा आधार कमी. वास आला की दहा मिनिटं थांबा. घाटात भजी-चहाच्या टपऱ्या उगाच नाहीत.

मग वळणात शिरताना नजर. आमच्या मते घाटातलं अर्धं ड्रायव्हिंग नजरेत आहे. गाडी तिकडेच जाते जिकडे माणूस बघतो. खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यात, कठड्याकडे बघितलं की कठड्यावर. तो टेम्पोकडे बघत राहिला, यात त्याचा दोष नव्हता. भीती वाटली की डोळे भीतीच्या वस्तूला चिकटतात. ते सोडवायला आधीपासून सवय लागते. हनुवटी वळवून वळण जिथे सुटतं तिथे बघायचं. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू धरा. तो तुमच्याकडे सरकत येत असेल तर वळण आवळतंय, वेग अजून कमी हवा. तो पुढे पळायला लागला की वळण सुटतंय, मग हलकी रेस द्या.

गाडी झुकते कशी, हे बहुतेकांना माहीत नसतं. पोरं अंग टाकतात. खरं काम हातात आहे. डावीकडे जायचं तर डाव्या हाताने हँडल हलकंच पुढे ढकला, गाडी डावीकडे झुकते. उजवीकडे जायचं तर उजवा हात. ऐकायला उलटं वाटतं. मोकळ्या मैदानात ताशी तीसवर एकदा करून बघा, मग विश्वास बसेल. सायकलपासून आपण हे नकळत करतच आलो आहोत. पण घाबरल्यावर हात आखडतात आणि नकळतचं काम बंद पडतं. म्हणून ते कळून करायला शिकावं. एकदा झुकली की रेस एकसारखी, थोडीशी. मध्येच रेस सोडली किंवा ब्रेक मारला तर गाडी सरळ उभी राहायला बघते आणि वळणाच्या बाहेर जाते. डाव्या वळणावर बाहेर म्हणजे समोरच्याच्या अंगावर. उजव्या वळणावर बाहेर म्हणजे साईडपट्टी, खडी, आणि पलीकडे दरी.

आणि चुकून जास्त वेगाने शिरलोच तर? पुढे सरळ, मोकळी जागा दिसत असेल तर गाडी सरळ करून मगच जोरात ब्रेक मारा. जागा नसेल तर ब्रेक विसरा, वळण सुटतं तिथे बघा आणि हँडल अजून ढकला. कोरड्या रस्त्यावर बहुतेक वेळा टायरमध्ये थोडा पगार शिल्लक असतो. हिंमत आधी संपलेली असते. ओल्यात ही खात्री देता येत नाही.

रस्त्यात कुठे राहायचं, हाही प्रश्न आहे. इंटरनेटवर परदेशी रेसचे व्हिडिओ पाहून पोरं बाहेरून आत, आतून बाहेर अशी पूर्ण रस्ता कापणारी रेघ मारतात. रेसट्रॅकवर समोरून एसटी येत नाही. घाटात आपली डावी बाजू हाच आपला मुलूख. मधल्या पांढऱ्या पट्टीला चिकटून उजवं वळण घेणाऱ्याचं चाक पट्टीच्या अलीकडे असतं, पण झुकल्यामुळे डोकं पलीकडे, समोरच्या ट्रकच्या हद्दीत असतं. लांब बस किंवा ट्रक अरुंद वळणावर आपली बाजू सोडल्याशिवाय वळूच शकत नाही, त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. आंधळ्या वळणाआधी हॉर्न, रात्री डिपर. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, नियम आहे.

पावसाळ्यात तर घाट दर शंभर मीटरला बदलतो. पहिल्या सरीत रस्त्यावरचं जुनं ऑइल वर येतं. टाकी काठोकाठ भरलेल्या ट्रकमधून नेमकं हेअरपिनवर डिझेल सांडतं. रस्त्यावर इंद्रधनुष्य दिसलं की समजा. डोंगरातून उतरलेली लाल माती, झाडाखालचं शेवाळ, पांढऱ्या पट्ट्या, आणि खड्डे भरायला टाकलेली, पण दाबलेली नसलेली खडी. धुक्यात २० मीटर दिसत असेल तर ताशी ४० ला ओल्या रस्त्यावर थांबायला २७ मीटर लागतात, त्यातला एक सेकंद तर नुसता दचकण्यात जातो. २५ ला १३ मीटर पुरतात. याहून साधं गणित आम्ही आठवीलाही देत नाही.

मागे बसणारे

आपल्या घरांत एक विषय निघत नाही, तो काढतो. बाईक एकट्याची नसते. मागे अम्मी असते, बायको असते, दोघांच्या मध्ये पोरगं असतं, टाकीवर अजून एक. बुरखा किंवा ओढणी मोकळी असते. मागच्या चाकावर निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी, मागच्याला धरायला कडी आणि पाय ठेवायला फूटरेस्ट असावं, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ मध्ये लिहिलेलं आहे. नवी गाडी आणली की आपली पोरं आधी हीच जाळी काढून टाकतात, "गाडी काकूबाई दिसते" म्हणून. त्या जाळीत किती जणींचे जीव अडकून वाचलेत हे त्या दिसण्याच्या शौकिनांना माहीत नाही. एका बाजूला पाय सोडून बसलेली सवारी वळणावर चालवणाऱ्याच्या विरुद्ध अंग टाकते, आणि गाडी झुकायला तयार होत नाही. घाटात जायचंच असेल तर मागच्याने दोन्ही बाजूंना पाय टाकून, कपडा आवरून, चालवणाऱ्याच्या खांद्यावरून त्याच दिशेला बघत बसावं. यात बेपर्दगी कुठे येते हे आम्हाला समजलेलं नाही. कोणी आलिम सांगतील तर ऐकू. नाहीतर एसटी आहेच.

चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, आणि वेग ४० च्या वर नको, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आम्ही तो पट्टा आजवर एकाही बाईकवर पाहिलेला नाही.

अठराच्या आतल्यांचं तर काय बोलावं. चाँदरातीला मोहल्ल्यात पंधरा-सोळाची पोरं गाड्या उडवतात आणि मामू-चाचू कौतुकाने व्हिडिओ काढतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५ हजारांपर्यंत नाही, २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. परदेशात नोकरीला जाऊ पाहणाऱ्या पोरासाठी ही शेवटची गोष्ट किती महाग आहे, हे ज्यांच्या घरात ड्रायव्हरची नोकरी आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

लायसन्सचीही एक गंमत. आपल्याकडे परीक्षा म्हणजे सपाट मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढणं. चालण्याच्या वेगाने. त्या आठमध्ये उतार नाही, ओला रस्ता नाही, आंधळं वळण नाही, ब्रेक मारून दाखवणंही धड नाही. ती पास झालेल्या पोराला दुसऱ्या दिवशी आंबेनळी उतरायला कायदा अडवत नाही. मसुद्यात एबीएस आहे, हेल्मेट आहे. शिकवण्याबद्दल एक ओळ नाही. गाडी सुधारणं सोपं आहे, ते कारखान्यात होतं. २०२२ च्या त्याच अहवालात ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. ते खातं कुठलंही यंत्र बसवून बंद होणार नाही.

रस्त्याची जबाबदारी सोडून सगळं पोरांवर ढकलायचं, असंही नाही. त्या वळणाच्या अलीकडे वेगाचा फलक आम्हाला दिसला नाही. गवत बाजूला केल्यावर एक खांब दिसला, त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फाटका बॅनर होता. वळणावर भरलेला खड्डा होता आणि त्याची खडी बरोबर तिथे पसरली होती जिथे डाव्या वळणाचं चाक येतं. आम्ही तिथले फोटो काढले. संबंधित खात्याला अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. अर्जावर सह्या करणाऱ्यांत तो टेम्पोवालाही आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर चुन्याने २० मीटर त्रिज्येचं वळण आखणार आहोत. एक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरचाचा आणि गॅरेज चालवणारा एक जुना विद्यार्थी शिकवायला येतील. आधी कोरड्यावर, मग टँकरने पाणी मारून. लायसन्स आणि हेल्मेट घेऊन या, पट्टा लावता येत असेल असं. फी नाही. चहा आहे. त्या पोराचा चुलतभाऊही येतो म्हणाला आहे. त्याच्या हाताची झोळी अजून निघालेली नाही, तो फक्त बघायला बसणार आहे.